आईवडिलांचे कागद

२०२५ च्या जानेवारीत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तारखांचा हिशेब सुरू झाला. मामेबहिणीची लेक न्यू जर्सीत असते. नवरा-बायको दोघंही एच-वन-बी व्हिसावर, आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख मार्चचा पहिला आठवडा. २० जानेवारीला, शपथ घेतली त्याच दिवशी, डोनाल्ड ट्रम्प यांनी एका आदेशावर सही केली. आजपासून तीस दिवसांनंतर अमेरिकेत जे मूल जन्मेल, त्याची आई बेकायदा राहत असेल किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल, आणि बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसेल, तर ते मूल अमेरिकेचं नागरिक नाही. म्हणजे १९ फेब्रुवारी ही शेवटची तारीख. आमच्या बाळाला दोन आठवडे उशीर होणार होता. "आधीच सिझेरियन करून घेता येत नाही का?" असं एका आत्यानं विचारलं, आणि ते कुणाला हास्यास्पद वाटलं नाही. मामेबहिणीनं मात्र चिडून लिहिलं, "ज्या मातीत लेकरू जन्मलं तिथंच त्याला परकं म्हणायचं, हा कुठला न्याय?" धडाधड अंगठे पडले.

मी न राहवून विचारलं, पुण्यात शिकायला आलेल्या एखाद्या सुदानी जोडप्याला इथं मूल झालं, तर ते कोण? तिघांनी एका सुरात सांगितलं, "भारतीयच की. इथं जन्मलं ना."

नाही. ३ डिसेंबर २००४ पासून नाही. भारतात आज जन्मलेलं मूल नागरिक ठरायला त्याचे आई आणि वडील दोघंही नागरिक लागतात, किंवा एक नागरिक आणि दुसरा किमान 'बेकायदा स्थलांतरित' नसलेला. आई रत्नागिरीची आणि बाप बेकायदा आलेला असेल, तर आईचं भारतीय असणं त्या मुलाच्या कामाचं नाही. अमेरिकेत जे एका आदेशानं करायचा प्रयत्न झाला आणि ज्याला सिएटलच्या न्यायाधीशांनी तीन दिवसांत 'उघड घटनाबाह्य' ठरवलं, ते, आणि काही बाबतीत त्याहून कडक, आपण वीस वर्षांपूर्वी संसदेत रीतसर करून मोकळे झालो. ग्रुपवर बराच वेळ शांतता होती. मग कुणीतरी उकडीच्या मोदकांचा फोटो टाकला.

मला त्या शांततेविषयी लिहायचंय. ट्रम्प बरोबर की चूक यावर आपल्याकडे हिरिरीनं बोललं जातं, आणि ते बोलणं 'माणुसकी विरुद्ध देशहित' या ठरलेल्या फडात होतं. माझ्या मते हा वाद औदार्याचा नाहीच. जन्मावरून मिळणाऱ्या नागरिकत्वाचा खरा गुण असा, की ते एकाच प्रश्नावर संपतं: कुठं जन्मलास? रक्तावरून मिळणारं नागरिकत्व विचारतं, आईबाप कोण? आणि ते नागरिक होते कशावरून? मग त्यांचे आईबाप कोण? हे विचारणं कुठं थांबवायचं ते प्रश्न विचारणाऱ्याच्या मर्जीवर असतं.

अमेरिकेनं हा नियम घटनेत घातला तो असल्याच चौकशीला कंटाळून. १८५७ साली ड्रेड स्कॉट खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज, मग ते मुक्त असोत वा नसोत, या देशाचे नागरिक होऊच शकत नाहीत. यादवी युद्ध झालं, लाखो माणसं मेली, आणि १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीनं तो निकाल पुसला. अमेरिकेत जन्मलेली आणि तिच्या अधिकारक्षेत्राखाली असलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक. त्या 'अधिकारक्षेत्राखाली' या शब्दांवर आजचा सगळा कीस चाललाय. पण तो कीस १८९८ मध्येही काढून झाला होता. वाँग किम आर्क हा सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला स्वयंपाकी. आईबाप चिनी, आणि चिन्यांना त्या वेळी कायद्यानं नागरिक होताच येत नव्हतं. १८९५ मध्ये तो चीनहून परतला तेव्हा त्याला उतरू दिलं नाही, महिनोन्‌महिने बंदरातल्या बोटींवर अडकवून ठेवलं. न्यायालयानं सहा विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, आईबाप कोण होते हा मुद्दा नाही, तो इथं जन्मलाय.

याचा फायदा आपल्या माणसांनाही झाला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात त्याच न्यायालयानं हिंदुस्थानी लोक 'गोरे' नाहीत, म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत असं ठरवलं. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घेणं सुरू झालं. कॅलिफोर्नियात अशा लोकांना जमीन बाळगायलाही बंदी होती. तिथल्या पंजाबी शेतकऱ्यांनी मग शेतं आपल्या पोरांच्या नावावर केली, कारण पोरं तिथं जन्मलेली होती आणि वाँग किम आर्कच्या निकालामुळे त्यांना कुणी हात लावू शकत नव्हतं. बाप परका, पाच वर्षांचं पोर सातबाऱ्यावर.

आता आपल्याकडे. घटना समितीत १९४७ च्या एप्रिलमध्ये मूलभूत हक्कांच्या अहवालातलं जे कलम चर्चेला आलं, त्याची शब्दरचना जवळजवळ या अमेरिकी दुरुस्तीचीच होती. शंका तेव्हाही निघाली, परदेशी जोडपं इथं आलं आणि मूल झालं तर? सरदार पटेलांचं उत्तर मला फार आवडतं. नागरिकत्व मिळवण्यासाठी बाळंत व्हायला भारतात येणाऱ्या परदेशी बायका अशा असून असून किती असणार, आणि तेवढ्यासाठी घटनेत वंशाची भाषा घालायची का, असं त्यांनी विचारलं. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या आपल्या लोकांसाठी आपण तिथलं नागरिकत्व मागतोय, तेव्हा आपणच कोतेपणा करून चालणार नाही, हा त्यांचा दुसरा मुद्दा. पटेलांना कुणी भाबडं म्हणणार नाही.

विरोध करणाऱ्यांत ठळक आवाज आपल्या विदर्भातला होता. १९४९ च्या ऑगस्टमध्ये डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुखांनी मुंबईचंच उदाहरण दिलं. एखादं परदेशी जोडपं प्रवासात काही तासांपुरतं मुंबईच्या बंदरावर थांबलं आणि बाई तिथं बाळंत झाली, तर ते मूल भारतीय? अशानं आपलं नागरिकत्व जगातलं सगळ्यात स्वस्त होईल, असं त्यांचं म्हणणं. त्यांची पर्यायी सूचना अशी, की हिंदू किंवा शीख असलेली आणि दुसऱ्या देशाची नागरिक नसलेली व्यक्ती, कुठंही राहत असली तरी, भारताच्या नागरिकत्वाला पात्र असावी. भाऊसाहेबांबद्दल मला आदर आहे. शिवाजी शिक्षण संस्थेमुळे ज्यांच्या घरात पहिलं अक्षर आलं अशी कितीतरी माणसं मला माहीत आहेत. पण इथं ते चुकले असं मला वाटतं, आणि घटना समितीलाही तसंच वाटलं. त्यांची सूचना फेटाळली गेली. नागरिकत्वाच्या कलमानं मसुदा समितीला जेवढी डोकेदुखी दिली तेवढी एखाददुसरं कलम सोडलं तर कुठल्याच कलमानं दिली नाही, असं बाबासाहेबांनी त्याच चर्चेत सांगितलं होतं. १९५५ चा नागरिकत्व कायदा आला तेव्हा नियम साधा होता: २६ जानेवारी १९५० नंतर भारतात जन्मलेला प्रत्येकजण भारतीय. परदेशी वकिलातीतले अधिकारी आणि शत्रुराष्ट्राचे लोक यांच्या मुलांपुरता अपवाद.

हा नियम गेला तो दोन हप्त्यांत. पहिला हप्ता आसाम कराराच्या पाठोपाठ आला. १९७९ ते १९८५ बाहेरून आलेल्यांविरुद्धच्या आंदोलनानं आसाम पेटलेला होता, ते या करारानं थांबलं. आसामी माणसाची भीती खोटी नव्हती, आपल्याच राज्यात आपली भाषा अल्पसंख्य होईल ही धास्ती मराठी माणसाला तरी समजावून सांगायला नको. पण दुखणं आसामचं आणि औषध अख्ख्या देशाला, असं झालं. १ जुलै १९८७ पासून जन्मणाऱ्याचे आई किंवा वडील यांपैकी एक तरी भारतीय असायला हवा असं ठरलं. तामिळनाडूतल्या मंडपमच्या निर्वासित छावणीत श्रीलंकन आईबापांच्या पोटी एप्रिल १९८६ मध्ये जन्मलेल्या एका बाईला मद्रास उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये पासपोर्ट द्यायला लावला. ती साधारण चौदा महिने आधी जन्मली होती, एवढंच. त्याच छावणीत १९८८ मध्ये जन्मलेल्याचं त्याच कलमाखाली काही चालत नाही.

दुसरा हप्ता २००३ च्या डिसेंबरमधला. या दुरुस्तीविषयी दोन गोष्टी एकत्र सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. याच कायद्यानं ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आणलं. परदेशाचं नागरिकत्व घेतलेल्या आपल्या लोकांना जन्मभर ये-जा करायची मुभा, हवी ती मिळकत (शेतजमीन सोडून). आणि याच कायद्यानं, आधी सांगितलं तसं, इथं जन्मलेल्या मुलाला आईबापांच्या कागदांना बांधलं. न्यू जर्सीतल्या नातवासाठी दार उघडलं आणि भिवंडीत जन्मलेल्या पोरासाठी लावून घेतलं, एकाच दिवशी, एकाच विधेयकात. पहिल्या गोष्टीचे पेढे आपण वाटले. दुसरीची बातमी मला तरी त्या वेळी कुठं ठळक वाचल्याचं आठवत नाही.

गंमत अशी की ही काठी कधीतरी ओसीआयवाल्यांच्याही पाठीत बसली. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं एक जोडपं ओसीआय घेऊन भारतात परतलं, २००६ मध्ये त्यांना आंध्र प्रदेशात मुलगी झाली. इथंच वाढली, इथंच शिकली. पासपोर्ट काढायला गेल्यावर कळलं की ती भारतीय नाही, कारण आईबाप भारतीय नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन २०२४ मध्ये तिचा प्रश्न सुटला. अशी परत आलेली कुटुंबं बाणेर-बालेवाडीत कमी नाहीत.

पण खरा मुद्दा त्यांचा नाही, वकील करण्याइतके पैसे त्यांच्याकडे असतात. खरा मुद्दा १ जूनचा आहे.

माझ्या वडिलांचा वाढदिवस १ जून. थोरल्या काकांचा १ जून. वडिलांच्या वर्गात पटावर तेहतीस मुलं होती, त्यांतल्या बऱ्याच जणांची १ जून. महाराष्ट्राच्या खेड्यात वाढलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. पोर शाळेत घालायला आणलं की गुरुजी विचारायचे कधीचा, आजी म्हणायची, "बैलपोळ्याच्या आदल्या दिशीचा, त्या साली लई पाऊस झाला व्हता." गुरुजी डोक्यावरून हात कानाला लावून बघायचे आणि १ जून लिहून टाकायचे. वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मगावाच्या रकान्यात आजोळाऐवजी शाळेचंच गाव आहे, कारण विचारायला कुणाला वेळ होता? आजीचं तर कुठंच काही नाही. तिचं नाव पहिल्यांदा सरकारी कागदावर आलं ते मतदार यादीत, आणि तेही चुकीचं.

आता कायद्याच्या साखळीत ही माणसं बसवून पाहा. २००५ चा जन्म असलेल्या मुलीनं दाखवायचं की आईवडील नागरिक आहेत. आईवडील १९८७ आधीचे, म्हणजे त्यांनी दाखवायचं की ते भारतात जन्मले. कशानं? आधार, पॅन, मतदार ओळखपत्र असल्यानं कुणी नागरिक ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं १२ ऑगस्ट २०२५ ला ठाण्याच्या एका जामीन प्रकरणात स्पष्ट म्हटलं. कायदा म्हणून ते चूक नाही. मग उरतो जन्मदाखला. उशिरा नोंद करून तो काढायचा म्हटलं, तर महाराष्ट्रात जानेवारी २०२५ मध्ये असे दाखले देणंच काही काळ थांबवलं गेलं, मालेगावच्या दाखल्यांवरून चौकशी लागली, आणि नंतर नियम कडक झाले. खोटे दाखले निघत असतील तर पकडावेतच. पण ज्या देशात कोट्यवधी माणसांची जन्मनोंद झालीच नाही, तिथं उशिरा नोंद हा संशयाचा पुरावा मानला की १ जूनवाले सगळे संशयित होतात.

मराठी वाचकाला हे पटायला आसामला जायची गरज नाही. घरात कुणाची जात पडताळणी झालीय का? भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा लागतो, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबांच्या शाळेचं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं, पणजोबांचं नाव कोतवाल बुकात आहे पण अक्षर मोडी, मोडी वाचणारा तालुक्यात एकच आणि तो पानामागं पैसे घेतो. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली तेव्हा अख्ख्या मराठवाड्यानं हा शोध अनुभवला. सख्ख्या भावांपैकी एकाची नोंद सापडली, दुसऱ्याची नाही, असे किस्से तेव्हा चावडीवर ऐकू येत होते. तिथं जाऊन जाऊन काय जातं, तर एक प्रवेश, एक नोकरी. रक्ताच्या नागरिकत्वात हाच शोध, फक्त पणाला सगळंच. पारध्याच्या पालावर जन्मलेल्या पोराचा बाप कुठल्या गावचा, याचं उत्तर पोलिस ठाण्याच्या हजेरी बुकात सापडेल, एखादे वेळी. आसामात नागरिकांच्या राष्ट्रीय नोंदवहीसाठी (एनआरसी) सुमारे सव्वातीन कोटी लोकांनी कागद जमवले आणि ३१ ऑगस्ट २०१९ च्या यादीतून १९ लाख ६ हजार ६५७ बाहेर राहिले.

"बेकायदा आलेल्यांचं काय मग? त्यांना बक्षीस द्यायचं?" हा प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं इतकंच, की बेकायदा आला तो बाप. त्याच्यावर खटला चालवा, परत पाठवा, सरकारला तो अधिकार आहे. मूल कुठली सीमा ओलांडून आलेलं नाही. गुन्हा बापाचा आणि शिक्षा पोटाला, हा न्याय आपण इतर कुठल्या कायद्यात चालवून घेतो? गुन्हेगार जमातींचा कायदा तसा होता. तो १९५२ मध्ये आपणच मोडीत काढला.

मुंबईच्या बंदरावरचं ते बाळ मला अजून छळतं, हेही कबूल करतो. भाऊसाहेबांचं उदाहरण खोटं नाही. चार तासांच्या मुक्कामात जन्मलेल्याचा या देशाशी काय संबंध? काही नाही. पण त्यावर उतारा आहे, आणि तो इतरांनी करून पाहिलाय. ऑस्ट्रेलियानं १९८६ मध्ये आणि ब्रिटननं १९८३ मध्ये निव्वळ जन्मावरचं नागरिकत्व बंद केलं. पण एक दार ठेवलं. तिथं जन्मलेलं मूल पहिली दहा वर्षं तिथंच वाढलं, तर ऑस्ट्रेलियात ते आपोआप नागरिक होतं, ब्रिटनमध्ये नोंदणीचा हक्क मिळतो, आईबाप कोण का असेनात. दहा वर्षं म्हणजे शाळेची हजेरी, लशींचं कार्ड, शेजारपाजार. हे पुरावे मुलाचे स्वतःचे असतात, बापजाद्यांचे नसतात. बंदरावरचं बाळ त्यात बसत नाही, भिवंडीतलं बसतं. आपण २००३ मध्ये दार लावताना ही फट ठेवली नाही. ती ठेवायला घटनादुरुस्ती लागत नाही, कायद्याच्या तिसऱ्या कलमात एक पोटकलम पुरे.

नाहीतर काय होतं हे २०२५ च्या जूनमध्ये दिसलं. मुंबई परिसरात मजुरीला आलेली काही बंगाली माणसं बांगलादेशी म्हणून पकडली आणि सीमेपार ढकलली गेली. पश्चिम बंगाल सरकारनं कागद दाखवले तेव्हा ती परत आणावी लागली. त्याच महिन्यात दिल्लीत कचरा वेचणारी, बीरभूम जिल्ह्यातली एक गर्भवती बाई नवरा आणि मुलासह अशीच पलीकडे पाठवली गेली. तिथं तिला तुरुंग घडला. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर केंद्रानं 'माणुसकीच्या नात्यानं' तिला आणि आठ वर्षांच्या मुलाला परत घेतलं. ती मालद्याच्या सीमेवरून भारतात आली तो दिवस ५ डिसेंबर २०२५. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ट्रम्प यांच्या आदेशाचं प्रकरण सुनावणीला घेतलं. आपल्याकडचे चॅनेल त्या रात्री एच-वन-बीवाल्यांच्या मुलांचं काय होणार यावर चर्चा घेत होते. बीरभूमच्या त्या बाईच्या पोटातल्या बाळाचं नागरिकत्व तिच्या बापाच्या, म्हणजे बाळाच्या आजोबांच्या, कागदांवर लटकलेलं होतं.

आमच्या ग्रुपवरचं बाळ मार्चमध्येच जन्मलं. मुलगी. ट्रम्प यांचा आदेश तोवर न्यायालयांनी रोखून धरला होता. इस्पितळातून जन्मदाखला मिळाला, त्यावर पासपोर्ट आला, आईबाप कुठल्या व्हिसावर आहेत हे त्या अर्जात कुणी विचारलं नाही. आता तिचं ओसीआय काढणं चाललंय. परवा मामेबहिणीचा निरोप आला: दोघांच्या भारतीय पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या प्रती लागतात, लग्नाचा दाखलाही लागतो, आणि जावयाच्या पासपोर्टवर वडिलांच्या नावात एक वेलांटी वेगळी आहे, कुणाच्या ओळखीचं आहे का कोणी?